भरल्या होडीचं सुकाण

माझ्या वेटिंग रूममध्ये जिवंत चिंबोऱ्या सोडणारा माणूस आयुष्यात एकच भेटला. खरं म्हणजे त्या दिवशी तो पेशंटसुद्धा नव्हता. पेशंट होते हसनभाई, रत्नागिरीकडचे, त्याच्या मासेमारीच्या लाँचवरचे तांडेल. चिंबोऱ्या पकडायच्या पिंजऱ्याची तार उसळून त्यांच्या डोळ्याला लागली होती. म्हातारा त्यांचा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर त्यांचा व्हिसा तो सौदी मालक. सौदीतल्या जुबैलमध्ये कफील लोक कामगाराला दवाखान्याच्या दारात सोडतात आणि गाडीतूनच फोन करतात. हा आत आला. आला तो डॉक्टरीणबाईंना भेट म्हणून बादली घेऊनच आला, आणि बादलीवर नुसतं ओलं गोणपाट.

पुढचं सांगायला नको. बायकांच्या बाजूने एक किंकाळी आली, मग चार आल्या, आणि माझी फिलिपिनो नर्स खुर्चीवर चढून "डॉक्टर! डॉक्टर!" करायला लागली. मी बाहेर आले तर हा सत्तरीचा माणूस झब्बा गुडघ्यापर्यंत खोचून फरशीवर आडवा झालेला. एका कोचाखाली हात घालून बोटांनी टकटक वाजवत होता. एक डोळा पांढराफटक, कधीचा गेलेला. दुसऱ्यात मोतीबिंदू इतका पिकलेला की मला दारातून दिसला.

"बाबा, चावेल!" मी ओरडले.

तेवढ्यात ती चावलीच. म्हाताऱ्याने हात हळूच बाहेर घेतला, बोटाला लोंबकळणारी चिंबोरी मागच्या वल्ह्यासारख्या पायाशी दुसऱ्या हाताने धरली, आणि तिने आपणहून बोट सोडेपर्यंत तसाच बसून राहिला. मग काहीतरी बोलला. माझं अरबी म्हणजे 'वर बघा, खाली बघा, औषध तीनदा' एवढंच. हसनभाईंनी एका डोळ्यावर रुमाल धरून मराठी केलं, "बाबा बोलतो, तिला शोधायला डोळे नाय लागत डॉक्टरबाय. बोट दिलं की ती सोता येते."

मी अलिबागची. चिंबोरीचा रस्सा म्हटलं की आमच्या घरात भांडणं मिटतात. पण अशी नजर नसलेल्या हाताने चिंबोरी उचललेली मी तोपर्यंत पाहिली नव्हती. तपासायचं सोडून मी त्या हाताकडेच बघत राहिले.

म्हाताऱ्याचं नाव मला ठाऊक आहे, पण त्याला नावाने हाक मारणारं कोणी भेटलंच नाही. खलाशी बाबा म्हणायचे, मीही बाबाच म्हणू लागले. आणि तो? तो आम्हा सगळ्यांना 'मुंबई' म्हणायचा. लाँचवर चार खलाशी, कोणी रत्नागिरीचा, कोणी श्रीवर्धनचा, मुंबईचा एकही नाही. बंदरावर "या मुंबई!", म्हणजे 'ए मुंबई', अशी हाक आली की चारही माना वळायच्या, आणि ज्याला बोलावलं असेल तो बरोबर पुढे जायचा. "कसं कळतं हो तुम्हाला?" मी हसनभाईंना विचारलं. ते म्हणाले, "आवाजात असतं ना. मला हाक मारतो तवा जरा खेकसतो." मी झाले 'दक्तूरा मुंबई'. अलिबागकराला मुंबईकर म्हटलेलं किती लागतं हे त्याला कोण सांगणार!

त्याची एक पांढरी प्लॅस्टिकची खुर्ची होती, एक हात मोडलेली. ती पिकअपमधून कायम सोबत फिरायची. बंदरावर लाँच लागली की खुर्ची वजनकाट्याशेजारी मांडली जायची, आणि पिंजऱ्यातला सगळा माल त्याच्यापुढे ओतला जायचा. मी एका शुक्रवारी मुद्दाम बघायला गेले होते. निळ्या टपोऱ्या नरांची, तपकिरी माद्यांची ती खळखळती रास, नांग्या उगारून एकमेकांवर चढणारी, आणि हा त्यात दोन्ही हात घालून बसलेला. बोटं एकेकीच्या पोटावरून फिरायची. पोटाखाली अंड्यांचा गोळा लागला की ती चिंबोरी राशीतून उठायची आणि धप्पकन समुद्रात जायची. सोबत दरवेळी तेच दोन शब्द, "रूही या उम्मी." जा गं आई.

हसनभाई कपाळावर हात मारून घ्यायचे. "डॉक्टरबाय, अंडीवाल्या कुर्लीला गिऱ्हाईक उभं असतं रांगेत! फ्याक्टरीवाला वेगळा, हाटेलवाला वेगळा. आणि हा माणूस समुद्रात फेकतो. अख्ख्या बंदरात असा दुसरा येडा नाय."

हाटेलवाला एकदा खरंच चिडला. म्हणाला, आईला पाण्यात सोडतोस, मग मी गिऱ्हाइकाच्या पानात काय घालू? म्हातारा रास चाळता चाळता म्हणाला, "हिची पोरं घाल. पुढच्या वर्षी ये, देतो." हाटेलवाला पाय आपटत गेला. पुढच्या वर्षी आला, हेही सांगायला हवं.

आणि गंमत म्हणजे जन्मभर चिंबोऱ्या पकडणाऱ्या या माणसाने चिंबोरी कधी तोंडात घातली नव्हती. का ते मला त्याचा मेलेला डोळा तपासताना कळलं. मी नुसतं विचारलं होतं, "हा कशाने गेला?" तर म्हातारा खूश झाला, जसं काही मी त्याच्या मुलाचं लग्न कसं झालं ते विचारलं होतं.

तो तरुण होता तेव्हा त्या किनाऱ्यावर चिंबोरी कोणी खायचंही नाही आणि विकायचंही नाही. ती जाळ्यात यायची, जाळं कुरतडायची, मासे खराब करायची. मग जाळं किनाऱ्यावर पसरून सगळे लाकडी ठोकळे घेऊन बसायचे आणि अडकलेल्या चिंबोऱ्या ठेचून ठेचून काढायचे. एकदा ठेचताना कवचाचा तुकडा उडाला तो थेट याच्या डोळ्यात. डोळा गेला. पुढे जुबैलमध्ये कारखाने आले, जगभरचे लोक आले, त्यांना चिंबोरी हवी होती. मग गोठवून परदेशी पाठवणारे आले. ज्याला ठोकळ्याने मारलं त्याच प्राण्यावर याची लाँच आली, घर झालं, मुलं शिकली.

"मी तिला ठेचलं, तिनं माझा डोळा घेतला. तिथं हिसाब खलास झाला होता," म्हातारा सांगत होता आणि हसनभाई मराठी करत होते. "तरी तिनं मला घर बांधून दिलं. आता तिला खाऊ कसा?"

मी हसावं की काय करावं मला कळेना. खोटं कशाला बोलू, अंगावर काटा आला. बायाबापड्या पेशंटांची हजार गाऱ्हाणी ऐकलेली मी, पण गेलेल्या डोळ्याबद्दल अशी कृतज्ञता कोणी बोलून दाखवली नव्हती.

"ते ठीक, पण हा दुसरा?" मी म्हटलं. "मोतीबिंदू काढून टाकू."

"मला कशाला? बोटं आहेत."

बास. विषय बंद. दोन वर्षं मी दर भेटीला तेच विचारायचे आणि दर भेटीला बोटं आहेत. खरं कारण मला ठाऊक होतं. एकच डोळा होता. त्यातून अजून उजेड-अंधार, माणसाची सावली, समुद्राची रेघ कळत होती. ऑपरेशनमध्ये काही बिघडलं तर तेवढंही गेलं असतं. त्याला भीती वाटत होती, आणि डॉक्टर म्हणून सांगते, ती भीती अगदी रास्त होती.

मग तो नियम आला.

ते दिवसच तसे होते. सगळीकडे सौदीकरण, परदेशी माणसाच्या जागी सौदी. मोबाइलच्या दुकानात, हिशेबाच्या टेबलावर, दवाखान्याच्या रिसेप्शनला एकेक खुर्ची बदलत होती. मासेमारीतही आलं. समुद्रात जाणाऱ्या लाँचवर एक तरी सौदी माणूस हवा, आणि कागदावर नाही, प्रत्यक्ष. कोस्ट गार्डच्या फाटकावर तो दिसला पाहिजे. ईदनंतर अंमल सुरू होणार होता. म्हाताऱ्याचे दोन मुलगे कारखान्यांमध्ये मोठे साहेब. एकाला बाथटबमध्ये मळमळतं असं बाप स्वतः सांगायचा. लाँच थांबली तर परवाना जाणार, परवाना गेला की चारही 'मुंबईं'चे इकामे, म्हणजे तिथे राहायची कार्डं, जाणार. हसनभाईंची मुलगी तिकडे रत्नागिरीला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. ते माझ्यासमोर बसले होते तेव्हा हातातली टोपी नुसती गोल गोल फिरवत होते.

"एक एजंट हाय," ते हळूच म्हणाले. "तो एक पोरगा देतो. फाटकापुरता येनार, मग दुसऱ्या होडीनं परत. बाबाला सांगितलं तर माज्यावर ती पांढरी खुर्ची फेकली. मोडका हात तवाच मोडला."

"काय म्हणाले?"

"बोलला, कागद होडीत आणि माणूस घरी? होडी बुडली तर कागद पोहनार काय?"

आणि हेही बोलला म्हणे की सरकार बरोबर सांगतंय, आपल्या पोरांना समुद्र माहीत नाही, तो शिकला पाहिजे. पण पोरं तयार होईपर्यंत मी जाईन. त्याच आठवड्यात तो तब्येतीचा दाखला आणायला गेला. गुडघे पास, रक्तदाब पास, डोळ्यापाशी गाडं अडलं. भिंतीवरचा तक्ता सोडाच, त्याला भिंतच दिसली नाही. तिथल्या कोणीतरी दयेने सुचवलं की, बाबा, खुणा पाठ करा आणि उद्या परत या. हा चिडून बाहेर पडला आणि हसनभाईंना घेऊन सरळ माझ्याकडे आला. खुर्चीत बसला, छाती पुढे काढली.

"दक्तूरा मुंबई. काप."

 जे दोन वर्षं स्वतःसाठी केलं नाही, ते चार परक्या माणसांसाठी करायला निघाला होता. मी तसं म्हटलं. तो म्हणाला, "ही पोरं होती तेव्हा मी यांना यांच्या आयांकडून बोलावून घेतलं. यांच्या दाढ्या माझ्या होडीवर पिकल्या. मी आता फाटकावर काय सांगू, मला दिसत नाही म्हणून यांना घरी धाडा?"

सगळं ठरलं. तारीख घेतली. आणि उठता उठता म्हाताऱ्याने तो प्रश्न विचारला, ज्याने माझी झोप उडाली.

"तुझ्या होडीवर आमचं कोण आहे?"

त्याला म्हणायचं होतं, ऑपरेशन थिएटरमध्ये सौदी कोण. मी सांगितलं, नूरा आहे. नूरा माझी ज्युनियर, जुबैलचीच मुलगी, हुशार, हात हलका, बोलणं त्याहून हलकं. तिचं शिक्षण पूर्ण होत आलं होतं आणि उद्या माझी खुर्ची तिलाच मिळणार हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

"ती सुकाण धरते?"

"धरते की. पुष्कळ ऑपरेशनं केलीत तिने."

"कोणाची?"

"साधी, सोपी. ज्यांचा दुसरा डोळा चांगला आहे अशांची."

म्हातारा खो खो हसला. हसनभाईंच्या खांद्यावर थाप मारून म्हणाला, "ऐकलंस? रिकामी होडी!" मग गंभीर झाला. "माझा डोळा ती करेल."

मी म्हटलं, अजिबात नाही. एकच डोळा असलेला पेशंट शिकणाऱ्याच्या हातात देत नाहीत. जगात कुठेही देत नाहीत. तो म्हणाला, मग राहू दे. मी म्हटलं, बाबा, वेडेपणा करू नका, एकुलता एक डोळा आहे. तो म्हणाला, म्हणूनच. मी चिडले. मराठीतच चिडले, त्याला कळो न कळो. हसनभाई दोघांच्या मध्ये टोपी फिरवत उभे. शेवटी तेच म्हणाले, "डॉक्टरबाय, तो ऐकनार नाय. त्याच्या होडीचा कायदा हाय हा."

आणि त्यांनी सांगितलं. हसनभाई एकोणिसाव्या वर्षी आले तेव्हा वल्हं सुद्धा नीट धरता येत नव्हतं. पहिल्याच हंगामात एक दिवस लाँच चिंबोऱ्यांनी काठोकाठ भरलेली, पाणी कडेला टेकलेलं, वारा आडवा, पुढे बंदराच्या तोंडाशी खडक. तिथे म्हातारा सुकाणावरून उठला आणि म्हणाला, मुंबई, बस. आणि स्वतः पाठ फिरवून पुढे जाऊन बसला. वळून बघितलं नाही. "रिकामी होडी गाढव पन आनील, असं बोलतो तो. शिकनाऱ्याला भरली होडी द्यायची. रिकाम्या होडीत हात शिकतात, भरल्या होडीत मानूस शिकतो. मी त्या दिशी खडकापासून हातभर लांबून होडी आनली. आनि धक्क्याला लागल्यावर ओकलो."

ईद जवळ येत होती. म्हातारा आपल्या म्हणण्यावरून हलत नव्हता. मी नूराला सांगितलं तर ती पांढरी पडली. "डॉक्टर, प्लीज, मला नका सांगू. हात कापेल माझा." मी तिला दोष कसा देणार? माझाच कापला असता. मी म्हाताऱ्याला बोलावून घेतलं आणि म्हटलं, घ्या, तीच नाही म्हणतेय.

दुसऱ्या दिवशी तो बादली घेऊन आला. या वेळी बादलीवर झाकण होतं, एवढी सुधारणा. नूरासमोर ठेवली, झाकण काढलं आणि म्हणाला, "बिन्ती, पोरी, एक उचल."

जुबैलमध्ये जन्मलेली मुलगी, पण चिंबोरी तिने ताटातच पाहिलेली. समोरून हात घातला, चिंबोरीने ग्लोव्ह्जसकट बोट पकडलं. नूरा ओरडली, हात झटकला, चिंबोरी परत बादलीत. तिच्या डोळ्यांत पाणी. मी मध्ये पडणार होते, पण म्हाताऱ्याने माझ्या दिशेने नुसता तळवा उचलला. नूरा जरा थांबली. बादलीभोवती फिरली. मागून हात घातला, मागच्या पायाच्या मुळाशी पकडलं आणि उचललं. नांग्या हवेत मारत होत्या, तिच्यापर्यंत पोहोचत नव्हत्या.

म्हाताऱ्याला यातलं काही दिसत नव्हतं. तो ऐकत होता.

"घाबरलीस?"

"हो."

"हात कापतोय?"

"हो."

"तरी उचललंस. मग झालं."

नूराने चिंबोरी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "डॉक्टर, तुम्ही शेजारी असाल ना?"

मी शेजारी असणार होते. म्हणजे अगदी शेजारी, दुसऱ्या मायक्रोस्कोपवर, माझे हात धुतलेले, उपकरणं माझ्यापुढेही मांडलेली. पहिली चूक व्हायच्या आत मी घेणार, या अटीवर मी वरिष्ठांकडून परवानगी मिळवली. त्यासाठी किती वेळा मान खाली घातली ते जाऊ दे. म्हाताऱ्याला सगळे धोके दोनदा समजावले. तो दोनदा हो म्हणाला आणि अंगठा देताना म्हणाला, "तू फार बोलतेस."

मोतीबिंदूच्या मागे एक पडदा असतो, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. तो फाटला की खेळ बिघडला. आणि म्हाताऱ्याचा मोतीबिंदू इतकी वर्षं पिकून दगड झालेला. डोळा बधिर केला होता, माणूस जागा होता. नूराने सुरुवात चांगली केली.  बाहेर बाकावर हसनभाई आणि बाकीचे तिघे बसले होते, एकजण तसबीहचे मणी ओढत जप करत होता. दगड फुटेना. नूराने एकदा प्रयत्न केला, दुसऱ्यांदा केला. आणि तिचा हात थांबला.

थांबला म्हणजे गोठलाच. मॉनिटरची टिकटिक तेवढी चालू. तिने माझ्याकडे बघितलंही नाही, पण मला कळलं की ती आता बाजूला होणार. मी स्टूल पुढे सरकवलं आणि हात उचलला.

हिरव्या कापडाखालून आवाज आला, आणि एवढं अरबी मला एव्हाना कळत होतं. "दक्तूरा. हात मागे घे."

"बाबा, बोलायचं नाही!" मी दातओठ खाऊन म्हटलं.

"तुझी खुर्ची सरकली. ऐकलं मी. हात मागे घे." मग आवाज एकदम मऊ. "शुवय शुवय, हळू हळू, या बिन्ती. होडी भरलेली आहे. घाई नको."

मी माझ्या आयुष्यात पुष्कळ धीट माणसं पाहिली. पण डोळ्यात सुई असताना, तो डोळा शेवटचा असताना, सुई धरणाऱ्या घाबरलेल्या मुलीला धीर देणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. माझे हात कोणी तरी खाली ओढल्यासारखे मांडीवर आले. नूराने एक लांब श्वास घेतला. उपकरणाचा कोन जरासा बदलला, अगदी तसा जसा मी बदलला असता. दगडाला चीर गेली. मग दुसरी. तुकडे एकेक करून निघत गेले आणि मागचा पडदा काचेसारखा साफ उरला.

लेन्स बसवून झाल्यावर नूरा बाहेर गेली आणि हात धुवायच्या बेसिनमध्ये ओकली. मी तिची पाठ चोळत उभी होते, आणि मला धक्क्याला लागल्यावर ओकलेले हसनभाई आठवत होते.

पट्टी दुसऱ्या दिवशी काढली. नूरानेच काढली. खोलीत मी, चारही खलाशी, आणि कोपऱ्यात त्याची खुर्ची. म्हाताऱ्याने डोळा उघडला, मिटला, पाणी आलं ते पुसू दिलं. पुन्हा उघडला. समोर हसनभाई उभे होते. तो त्यांच्याकडे बघत राहिला, बघतच राहिला.

"या मुंबई," तो म्हणाला, आणि या वेळी खेकसला नाही. "तू म्हातारा झालास रे!"

हसनभाई हसायला लागले आणि हसता हसता हुंदके द्यायला लागले. बाकीचे तिघे भिंतीकडे तोंड करून उभे. नर्सला वाटलं काही तरी बिघडलं, ती धावत आली. मी तिला म्हटलं, काही नाही गं, यांचं असंच असतं.

ईदनंतर लाँच गेली. फाटकावर कोस्ट गार्डच्या पोराने दाखला बघितला, माणूस बघितला, सुकाणामागे दोरीने बांधलेली हात मोडकी खुर्ची बघितली आणि विचारलं, "काका, तूच तो सौदी?" म्हातारा म्हणाला, "दुसरा आणेपर्यंत मीच." आणि खरंच, हळूहळू त्याने एक नातू ओढून आणला. तो आधी नाकाला रुमाल लावून बसायचा म्हणे. नंतर पिंजऱ्यांना हात लावायला लागला.

चिंबोऱ्यांची रास मात्र म्हातारा अजून तशीच चाळायचा. मी एकदा बघितलं, अंडीवाली हातात आली की तो डोळा मिटून घ्यायचा आणि बोट फिरवायचा. मी म्हटलं, आता दिसतंय ना? म्हणाला, "हा डोळा फाटकावरच्या पोरांसाठी बसवलाय. हिला बोटच कळतं." मग टाकली पाण्यात, रूही या उम्मी.

माझी खुर्ची वर्षभराने नूराला मिळाली. नियमाने मिळाली आणि हक्कानेही. लोकांना वाटतं अशा वेळी माणूस उदार असतो. मी नव्हते. सतरा खोक्यांमध्ये संसार भरताना मला रडू येत होतं, नूराने केक आणला तेव्हा मी तो नीट खाल्लाही नाही. पुढे अलिबागला जाऊन काय करायचं हे ठरत नव्हतं. या वयात पुन्हा पहिल्यापासून दवाखाना उघडायची छाती होत नव्हती, आणि हसनभाईंजवळ मी तसं एकदा बोलून गेले होते.

निघायच्या आधीच्या शुक्रवारी म्हाताऱ्याने निरोप पाठवला. तू ये, बिन्तीला पण आण. आम्ही दोघी गेलो. फाटकावर माझा इकामा उलटासुलटा बघून झाला, चौकशा झाल्या. म्हातारा म्हणाला, "माझा डोळा समुद्रात चाललाय. डोळ्याच्या डॉक्टर सोबत नकोत का?" पोरगा हसला. परवानगीसाठी दोनतीन फोन झाले आणि जवळच्याच पिंजऱ्यांपर्यंत जायची मुभा मिळाली. हसनभाई ओरडले, "आज होडीवर सौदीच सौदी! परवाना डबल करा!"

हिवाळ्याचं ऊन, पाणी सपाट. मागे जुबैलच्या चिमण्या धूर सोडत होत्या. पिंजरे वर यायला लागले आणि बघता बघता लाँच निळीशार झाली. म्हाताऱ्याने एक मोठा नर उचलून उन्हात धरला आणि मला म्हणाला, "इतका निळा असतो हे मी विसरलो होतो." टोपल्या भरल्या, मधली जागा भरली, नूरा पाय वर घेऊन बसली. पाणी कडेला टेकलं. आम्ही वळलो. वारा उठला, आडवा. बंदराचं तोंड दिसायला लागलं, आणि त्याच्या डाव्या हाताला खडक, काळे, पाणी फुटत होतं त्यांच्यावर.

म्हातारा सुकाणावरून उठला.

मला वाटलं नूराला बोलावणार. नूरालाही तसंच वाटलं, ती उठायला लागली. त्याने तिला हाताने खाली बसवलं.

"हिनं भरल्या होडीचं सुकाण एकदा धरलंय," तो म्हणाला. "दक्तूरा मुंबई, आता तू."

"बाबा, मला येत नाही!" मी म्हटलं. "एवढी माणसं आहेत, सगळा माल आहे, मी आयुष्यात कधी..."

हसनभाईंनी याचं अरबी केलं नाही. गरजच नव्हती. म्हाताऱ्याने खुर्चीची दोरी सोडली, खुर्ची उचलली, भरलेल्या टोपल्यांमधून वाट काढत पुढच्या टोकाला गेला आणि तिथे मांडून बसला. माझ्याकडे पाठ करून.

मी सुकाण धरलं. लाकूड त्याच्या हाताने गरम होतं. मी ते दोन्ही हातांनी आवळलं. खडक जवळ येत होते, लाँच जड होती, थोडं वळवलं की उशिरा वळत होती आणि मग एकदम. नूरा माझ्याकडे बघत होती, पण जागची हलली नाही. हसनभाईही हलले नाहीत. पुढे ती पांढरी खुर्ची, त्यावरची म्हातारी पाठ, आणि वाऱ्यावर फडफडणारा रुमाल. मी वाट बघत होते की तो एकदा तरी वळून बघेल.

लाँच धक्क्याला लागेपर्यंत त्याने वळून बघितलं नाही.